कापसाच्या गादीवरचं मनन

एकविसाव्या वर्षी मी घरातल्या प्रत्येक गोष्टीतून आध्यात्मिक धडा काढत असे, आणि घरातल्या कुणीही तो मागितलेला नसे.

दूध उतू गेलं, की मी वहीत लिहायचो : माणसाचा राग. सायकल पंक्चर झाली : लपवलेलं पाप. रोज एक मनन, खाली छोटी प्रार्थना. आई म्हणायची, "दान्या, चहा तरी सुखानं पिऊ दे बाप्पा!"

त्या वर्षी कापसाचे भाव असे पडले, की आर्णीजवळच्या आमच्या गावात घरोघरी कापूस बैठकीत येऊन बसला. आमच्याकडे तर खिडकीपर्यंत! बाबा रोज म्हणत, "थांबू. भाव येईन." आम्ही स्वयंपाकघरातच जेवायचो, तिथंच झोपायचो. (खरं सांगतो, इतके जवळजवळ आम्ही पुन्हा कधी राहिलो नाही. आता बाबा नाहीत, आणि त्या कोंदट वासाची मला अजून आठवण येते.)

अशात आमच्या चर्चचे पाळकसाहेब म्हणाले, "गुरुवारी तुमच्या घरी प्रार्थना ठेवू. मनन तू सांग. जमलं, तर रविवारी चर्चमधला उपदेश तुह्याकडं." मला त्या रविवारपलीकडचं काही दिसेना. विषय ठरला : कापूस आणि धीर.

पण माणसं बसवायची कुठं? मी कापूस तुडवून सपाट केला आणि वर सतरंज्या अंथरल्या.

"काहून रे, लोकायले कापसावर बसवतं?" आई ओरडली. "खाज सुटन ना!"

"आई, विश्वास ठेव."

"तुह्यावर ठेवू का कापसातल्या त्या किड्यायवर?"

पंचवीस माणसं त्या गादीवर बसली. मी मात्र दारात उभा. "प्रियजनहो, कापूस कधी घाई करतो का?" दहा मिनिटांत मालनमावशी चुळबुळू लागल्या. मग त्यांच्या शेजारच्या. पाळकसाहेबांचे तर डोळे पाणावले! माझ्या शब्दांनी मंडळी हेलावली, असं समजून मी आणखी वीस मिनिटं वाढवली. कुणी हुंदके देत होतं (त्या शिंका होत्या), कुणी छातीवरून हात फिरवत होतं. मी गहिवरून म्हणालो, "ज्यांना आज खरा पश्चात्ताप झाला असेल, त्यांनी उभं राहावं!"

अख्खी मंडळी एका झटक्यात उभी!

डोळे मिटून मी लांबलचक प्रार्थना सुरू केली. तेवढ्यात मालनमावशी किंचाळल्या, "दान्या, आमेन म्हण लेका! पाठ सोलून निघून राह्यली!"

डोळे उघडले, तर पाळकसाहेब चौकटीला पाठ घासत होते. बाकीचे अंगणात धावत होते, आणि बाबा हापशीवरून बादल्या भरून आणत होते. हसत हसत! भाव पडल्यापासून मी त्यांना हसताना पाहिलंच नव्हतं.

"साहेब, रविवारचं?" मी खालमानेनं विचारलं.

"रविवारी उपदेश धीरावरच होईन," मान खाजवत ते म्हणाले. "लोकायनं अर्धा तास बसून दाखवलं ना! पण सांगीन मी. तू पयल्या बाकावर बस."

बसलो. चर्च पोट धरधरून हसलं. त्यानंतर मी मननांच्या कैक वह्या भरल्या. गावाला त्यातलं एकही आठवत नाही. पाळक मात्र किती का बदलेनात, धीराचा विषय निघाला की दृष्टांत म्हणून अजून मलाच वापरतात!