तूदाने वाटलेली कोकरं

झीझ नदीकाठच्या सरकारी मेंढी केंद्रात तूदा लागली ती लसूणघास कापायला. तेव्हा ती एकोणीस वर्षांची होती आणि काम तीन महिन्यांचं होतं. त्या तीन महिन्यांची एकतीस वर्षं झाली. मधल्या काळात चार साहेब आले नि बदलून गेले, तिची मुलं मोठी होऊन शहरांत पांगली, खजुराच्या झाडांवर सरसर चढणारा नवरा आस्सू गुडघे धरून ओट्यावर बसला. आणि तूदा घास कापता कापता मेंढ्यांची सुईण झाली. तशी नेमणूक कुणी केली नव्हती. एकदा अडलेली मेंढी तिने मोकळी केली, तेव्हापासून मेंढी कण्हायला लागली की जो तो तूदालाच हाक मारायचा.

तिथल्या मेंढ्या द्मान जातीच्या. अंगाने बारक्या, लोकर जुन्या घोंगडीसारखी विरविरीत, पण एका वेताला तीन कोकरं सहज, कधी चारसुद्धा. सड मात्र दोनच. तिसरं कोकरू उपाशी ओरडत राही, आणि कुंपणापलीकडच्याच वाडग्यात एखादी मेंढी तुडुंब कास घेऊन आपल्या मेलेल्या कोकराला हुंगत उभी असे. मग तूदा त्या मेंढीच्या वारेचं पाणी उपाशी कोकराच्या अंगाला चोळायची, ते तिच्या नाकाशी धरायची आणि ओठांनी चुकचुकत बसायची. थोड्या वेळात कोकरू शेपूट हलवत पिऊ लागे. तिसऱ्या दिवशी कारकून हम्मू येई, कोकरू जिच्याखाली पीत असेल तिचा नंबर आई म्हणून वहीत लिही, कानात बिल्ला ठोकी आणि चहाला जाई.

असं वर्षानुवर्षं चाललं. मग या जातीच्या आनुवंशिक संशोधनासाठी सरकारने पाच वर्षांचा निधी मंजूर केला. अट एकच, दर वर्षी अहवाल द्यायचा आणि तो पटला तरच पुढच्या वर्षीचे पैसे. निधीबरोबर मेक्नेस शहरातून संशोधक नौफल आला. तिशीतला, काटकुळा, पहिल्याच आठवड्यात उन्हाने नाक सोललेला. तूदाने त्याला दोन दिवस ‘डॉक्टर’ म्हटलं. तिसऱ्या दिवशी घरून कांदा-मांस भरलेली रोटी आणून त्याच्यापुढे ठेवली आणि म्हणाली, "खा रे पोरा, मेंढ्यासुद्धा तुझ्याकडे बघून हळहळतात."

नौफलचं काम असं, की भरपूर पिल्लं देणाऱ्या मेंढ्या हेरायच्या आणि त्यांच्या पोटचे मेंढे गावोगावच्या कळपांत सोडायचे. त्याआधी प्रत्येक कोकराचं रक्त तपासून आईशी जुळवायचं. निकाल आले तेव्हा त्रेचाळीस कोकरं वहीतल्या आयांची निघालीच नाहीत.

त्याला वाटलं, बाटल्यांची अदलाबदल झाली. पुन्हा रक्त काढलं. पुन्हा तेच. केंद्रप्रमुख सी ब्राहिम यांनी कागद पाहिला आणि दार लावून घेतलं. "हे अहवालात घातलंस तर पुढचा निधी विसर. इतक्या वर्षांच्या वह्या खोट्या होत्या, असं आपणच लिहून द्यायचं?"

नौफल यादी घेऊन वाडग्यात गेला. तूदा घास टाकत होती. त्याने एक पांढऱ्या कपाळाचं कोकरू धरलं.

"मावशी, हे कुणाचं?"

"जन्माचं विचारतोस की दुधाचं?"

"दोन्ही आया वेगळ्या असतात?"

"याच्या बाबतीत आहेत. जन्माचं त्या तुटक्या कानाच्या काळीचं. दूध पाजलं या तांबडीने."

"पण वहीत तर..."

"वही हम्मूची. मला कुठे वाचता येतं?"

"मग तुम्ही इतकी वर्षं सांगितलं का नाही?"

"कुणी विचारलं का? आणि काय करायला हवं होतं, मरू द्यायचं होतं त्याला?"

पुढचे दोन दिवस तूदा बोलत होती आणि नौफल लिहीत होता. लग्न जुळवणारी बाई घराणी सांगते तशी ती सांगत गेली. हिची आजी लंगडी, ही रडकीची दुसरी, हा तिकडून इकडे दिलेला. त्रेचाळिसांपैकी एकेचाळीस जणांची आई रक्ताशी जुळली. उरलेल्या दोघांचं तिने शेवटपर्यंत मान्य केलं नाही. "तुझं मशीन दमलं असेल," ती म्हणाली.

जुन्या जनावरांपैकी केंद्राचा लाडका मेंढा सुलतान. त्याचा फोटो कचेरीत टांगलेला होता. वहीप्रमाणे तो एका धष्टपुष्ट मेंढीचा. तूदा म्हणाली, "छे, तो करडीचा."

"कुठे आहे करडी?"

"गेल्या ईदच्या बाजारात विकली ना. चार चार व्यायची. दूध दोघांपुरतं. वरची मी वाटायची."

"तेव्हा बोलला नाहीत?"

"बोलले की. सी ब्राहिम म्हणाले, वहीत तसं काही नाही."

सी ब्राहिम तिथेच उभे होते. त्यांनी टोपी काढली, झटकली, पुन्हा घातली.

त्या दिवशी तूदाला जेवण गेलं नाही. "मी तिची पोरं दुसरीकडे दिली," ती आस्सूला म्हणाली, "म्हणून ती वहीत कमी पडली. माझ्या हाताने गेली बिचारी."

आस्सू गुडघा चोळत म्हणाला, "दिली नसतीस तर पोरंही गेली असती. जेव आता. तू जेवल्याशिवाय मला चहा मिळायचा नाही."

नौफलने अहवालात सगळं लिहिलं, तूदाच्या नावासकट. सी ब्राहिम यांनी तो आठ दिवस टेबलावर ठेवला आणि एका सकाळी सही केली.

उत्तराला चार महिने लागले. निधी चालू राहिला. पत्रात असंही लिहिलं होतं, की जुन्या वंशावळी तूदाबाईंच्या मदतीने दुरुस्त कराव्यात आणि यापुढे वहीत जन्मदाती व दूधआई असे दोन रकाने असावेत. नौफलने पत्र तिला वाचून दाखवलं. तिने ‘तूदाबाईंच्या’ हा शब्द पुन्हा वाचायला लावला.

वंशावळी दुरुस्त करताना करडीच्या दोन मुली सापडल्या, दुसऱ्याच मेंढ्यांच्या नावावर चढलेल्या. पुढच्या वेतात एकीला तीन झाली, दुसरीला चार. तूदा तेव्हा वाडग्याचं दार अडवून उभी राहिली. कोकरू दुसरीकडे हलवायच्या आधी जन्मदातीची नोंद व्हायला हवी होती आणि हम्मूचा पत्ता नव्हता. तो धावत आला तेव्हा त्याच्या हातात चहाचा पेला तसाच होता.

"ठेव तो खाली आणि लिही," तूदा म्हणाली. "पोर भुकेलं आहे."