गंध लावलेली लँब्रेटा

इडलीपात्राच्या थाळ्यांत नट-बोल्ट मांडून ठेवणारी बाई अख्ख्या तंजावुरात एकच झाली, ती म्हणजे मेलवीथीमागच्या गल्लीतली वसुमती. मुलींच्या हायस्कुलात गणित शिकवायची. वय एकोणचाळीस, आवाज असा की शेवटच्या बाकावर पेंगणारी मुलगी दचकून उठून उभी राहायची. घरातला फ्यूज गेला तरी तीन घरं पलीकडून माणूस बोलावणारी ही बाई शहाण्णव सालच्या उन्हाळ्यात तेहेतीस वर्षं जुनी लँब्रेटा स्कूटर खोलून बसली आणि गल्लीनं तोंडात बोटं घातली.

स्कूटर तिच्या वडिलांची. सूर्यनारायण राव, म्हणजे तिचे अप्पा, पापनाशमला शेतकी खात्यात होते. भाताचं नवं बियाणं घेऊन गावोगाव फिरायचं, शेतकऱ्यांना पटवायचं, हे काम. त्या काळी स्कूटर मिळणं म्हणजे काय गंमत होती? नाव नोंदवा आणि वर्षानुवर्षं वाट बघत बसा. अप्पांनी वाट बघितली आणि एके दिवशी आकाशी रंगाची लँब्रेटा दारात आणून उभी केली. त्यांच्या दोन्ही गुडघ्यांच्या मधे उभं राहून वसुमतीनं अर्धा तालुका पाहिला. रेल्वेचं फाटक आलं की हॉर्न वाजवायचा मान तिचा. पुढं कॉलेजात गेली तेव्हा दर सोमवारी अप्पा तिला मागं बसवून तंजावूरला सोडायचे, आणि वाटेत गप्पा इतक्या की कॉलेज कधी आलं ते कळायचं नाही.

असा माणूस. आणि आई गेल्यावर लेकीकडे राहायला आला तो नुसता वेताच्या खुर्चीत बसून राहिला. सोबत स्कूटरही आली होती, लॉरीत भाताच्या पोत्यांमधे आडवी घालून. तिला अंगणात शेडखाली ढकललं आणि अप्पांनी खुर्ची पकडली, ती खिडकीकडे पाठ करून. दोन वर्षं झाली. डॉक्टर म्हणाले, "पाय ठणठणीत आहेत, मोतीबिंदूचं ऑपरेशन झाल्यापासून डोळेही लख्ख. मनात आणलं तर चार मैल चालतील." पण मनातच येईना, त्याला डॉक्टर तरी काय करणार? देवळात नक्को, लग्नामुंजीला नक्को, कोपऱ्यावरून पेपर आणणंसुद्धा नक्को. कॉफी दिली की प्यायची, पान वाढलं की उठायचं, जेवलं की परत खुर्ची.

वसुमतीचा नवरा राजगोपाल तालुका कचेरीत होता. माणूस भला, पण दोन गोष्टींचा भारी नाद. एक वीणा वाजवायचा आणि दुसरा नव्या वस्तूंच्या जाहिराती वाचायचा. पहिल्या नादाचा त्रास शेजाऱ्यांना व्हायचा, दुसऱ्याचा वसुमतीला. दिवसच तसे आले होते. ज्या स्कूटरसाठी पूर्वी माणसं म्हातारी व्हायची, तिथं आता शोरूमवाले हाताला धरून आत ओढायला लागले होते. जुनी द्या, नवी न्या! राजगोपालनं एका चकचकीत मोटारसायकलीवर डोळा ठेवला आणि एका सकाळी सासऱ्यांना विचारलं, "अप्पा, ती लँब्रेटा बदल्यात देऊन टाकू का?"

"न्या की," अप्पा म्हणाले. "मला आता कुठं जायचंय?"

वसुमती तिथंच कॉफी ओतत होती. ज्या माणसानं तिला अर्धा तालुका दाखवला त्याच्या तोंडचं हे वाक्य! तिला इतका राग आला, इतकं वाईट वाटलं, की ती तिथल्या तिथं बोलून गेली, "गाडी कुठं जायची नाही. मी दुरुस्त करणार."

"तू?" राजगोपाल हसला. हसायला नको होतं.

"मी. का? वर्गात साठ पोरी सरळ करते, एक स्कूटर होणार नाही?"

शेवटी असं ठरलं की विजयादशमीपर्यंत मुदत. त्या दिवशी गाडी चालू झाली तर राहील, नाही झाली तर शोरूमचा माणूस येऊन घेऊन जाईल. राजगोपालनं मनातल्या मनात मोटारसायकलीचा रंगसुद्धा ठरवून टाकला. आणि खरं सांगायचं तर वसुमतीला त्या स्कूटरचं फारसं पडलेलं नव्हतंच. तिला अप्पा खुर्चीतून उठायला हवे होते. डॉक्टरांच्या गोळीनं जमलं नाही, देवाच्या नवसानं जमलं नाही. जमलं तर या लोखंडानंच जमेल, असं तिनं घेतलं होतं डोक्यात.

शाळेला सुट्टी लागली त्या दिवशी तिनं दोन कामं केली. पहिलं काय ते मागाहून सांगू. दुसरं म्हणजे जुन्या बसस्टँडजवळच्या सुब्रमण्यम मेकॅनिकला जाऊन गाठलं आणि वही-पेन काढून त्याच्यासमोर उभी राहिली. तो बिचारा उभ्या आयुष्यात कुणाचा मास्तर झाला नव्हता. घाबरून एकच धडा दिला: "टीचरम्मा, जे जिथून काढाल ते वेगवेगळं मांडून ठेवा. मिसळलंत की संपलं."

वेगवेगळं मांडायला घरात इडलीपात्राहून चांगलं काय असणार? प्रत्येक खळग्यात एका जागचे स्क्रू, आणि खळग्याला नंबर. त्या दिवसापासून घरात इडली बंद झाली ती झालीच. राजगोपाल रोज सकाळी उपमा ढवळत कुरकुरायचा, "इडलीत नट निघाला तरी चालेल गं, पण इडली कर!"

चुका तर विचारू नका. पिस्टन गंजून जाम बसला होता. सुब्रमण्यमनं सांगितलं तेल सोडून ठेवा, तर हिनं शुक्रवारच्या न्हाणाला करतात तसं तिळाचं तेल कोमट करून, त्यात मिरी-जिरं घालून सोडलं. सुब्रमण्यम पोट धरधरून हसला. "अय्यो टीचरम्मा, इंजिनाला सर्दी झालेली नाही!" पण काय सांगावं, आठव्या दिवशी पिस्टन हलला! मग तिचा तोरा काय वर्णावा. पहिला रंग दिला तो दमट हवेत ओघळला, खरवडून दुसऱ्यांदा दिला. एक केबल उलटी बसवली आणि ती उलटी आहे हे कळायला तीन रविवार गेले. हाताची नखं काळी ती काळीच. फळ्यावर प्रमेय लिहायला लागली की पोरी एकमेकींना कोपरानं ढोसायच्या.

काम करायला बसायची ती मात्र मुद्दाम अप्पांच्या खिडकीखालच्या ओट्यावर. हातातला तुकडा वर धरून विचारायची, "अप्पा, हे कुठलं हो?"

"आठवत नाही," आतून उत्तर यायचं.

दर रविवारी तेच. कधी कधी तिला रडू फुटायचं आणि ती उगाच ब्रशनं काहीतरी खसाखसा घासत बसायची. पण सप्टेंबरात एकदा झाडू मारताना तिनं पाहिलं, खुर्चीची पाठ खिडकीकडे नव्हती. वीतभर वळली होती खुर्ची! ती कुणाला काही बोलली नाही. दुप्पट जोरानं कामाला लागली.

बघता बघता नवरात्र आलं. सगळं जोडून झालं होतं, राहिला होता फक्त कार्ब्युरेटर. तो खोलून, तुकडा न तुकडा चिंचेनं घासून तिनं इडलीच्या थाळीत मांडला होता. आणि उजाडली नवमी. आता आमच्या इकडं नवमीला आयुधपूजा. त्या दिवशी हत्यार म्हणून हात लावायचा नाही. वह्या-पुस्तकं, वाद्यं, अवजारं सगळी देवापुढं मांडायची आणि दशमीला पुन्हा पूजा करून मगच उचलायची. वसुमतीनं पाट मांडले. वर्गाची हजेरी, राजगोपालची नवीन तारा चढवलेली वीणा, पान्यांचा जुडगा, विळी, आणि मधोमध ती थाळी. मग चंदनाचं गंध उगाळलं, चांगलं दाट, आणि मनोभावे एकेकाला लावत सुटली. पाच महिने ज्यांनी छळलं त्या एकाही तुकड्याला तिनं वगळलं नाही. थाळीतल्या बारक्यातल्या बारक्या पितळी कणाला बोटानं दाबून गंध, वर कुंकू. अप्पांना नमस्काराला बोलावलं. त्यांनी खुर्चीतूनच हात जोडले.

विजयादशमीला पुनर्पूजा आटोपून ती कार्ब्युरेटर जोडायला बसली. देवापुढची वस्तू, ती काय पाण्यानं धुवायची? तिनं वरच्या वर फडक्यानं पुसून सगळं बसवून टाकलं. दहाला शोरूमचा एजंट विघ्नेश टेम्पो घेऊन हजर. राजगोपालनं त्याला कॉफी दिली. शेजारीपाजारी जमले, सुब्रमण्यम दुकान बंद असल्यानं आलाच होता.

वसुमतीनं पदर खोचला आणि किक मारली. एक, दोन, पाच, सात. आठवीला फट् फट् फट् करत लँब्रेटा चालू झाली! गल्लीनं टाळ्या वाजवल्या. वसुमतीनं खिडकीकडे बघत मूठ पिळली, आणि गाडी गप्प. पुन्हा किक, पुन्हा फट् फट्, मूठ पिळली की मेली. चार वेळा झालं, सहा वेळा झालं. सुब्रमण्यमनं प्लग बघितला, वायर बघितली, डोकं खाजवलं. विघ्नेशनं हळूच घड्याळ बघितलं.

"वसू," राजगोपाल खालच्या आवाजात म्हणाला, आणि आता तो हसत नव्हता, "तू खूप केलंस गं. राहू दे आता."

वसुमतीच्या डोळ्यांत पाणी आलं. ती हँडल धरून नुसती उभी राहिली. टेम्पोवाल्यानं मागची फळी खाली पाडली.

"पेट्रोल पोचत नाहीये तिला," खिडकीतून आवाज आला. "नुसती उभी चालतेय आणि मूठ दिली की मरतेय. जेट बघ."

सगळे वळले. वसुमतीनं डोळे पुसले. "जेट परवाच घासला, अप्पा. आरपार दिसत होतं."

जेट म्हणजे कार्ब्युरेटरमधला हरभऱ्याएवढा पितळी तुकडा, मधे सुई जाईल न जाईल एवढं भोक. मूठ पिळल्यावर इंजिनाला पेट्रोल मिळतं ते त्यातूनच.  मग अप्पांनी विचारलं, "घासलास. आणि काल त्याला गंध लावलंस?"

वसुमतीनं कपाळावर हात मारला. आधी सुब्रमण्यम हसला, मग विघ्नेश, मग अख्खी गल्ली. तिनं घाईघाईनं जेट काढला. खरंच, भोकात चंदन वाळून दगड झालं होतं! सुब्रमण्यमनं टाचणी घातली, ती जाईना. आगपेटीची काडी तासून घातली, ती मोडली.

"अरे असं नाही! भोक मोठं कराल, मूर्खांनो!" आणि पुढचं वाक्य खिडकीतून आलंच नाही, ते दारातून आलं. "इकडं आण तो!"

अप्पा ओट्याच्या पायऱ्या उतरत होते. अनवाणी, एका हातानं धोतराचा सोगा धरून, चिडलेले. दोन वर्षांत पहिल्यांदा चिडलेले! वसुमतीला वाटलं आपण काही बोललो तर हे परत आत जातील, म्हणून तिनं श्वाससुद्धा घेतला नाही.

"बारीक तार पाहिजे. पोलादी. जावईबापू, तुमच्या वीणेची तुटकी तार असेल ना?"

तुटकी नव्हती. राजगोपाल आत गेला आणि काल पूजेसाठी चढवलेली नवीकोरी तार वीणेवरून काढून घेऊन आला. तुकडा मागितला होता, त्यानं अख्खी तार आणली. वसुमतीनं त्याच्याकडे पाहिलं. तो म्हणाला, "बघतेस काय? कॉफी निवतेय माझी."

अप्पांनी जेट गरम पाण्यात बुडवला, तार अलगद फिरवली, फुंकर मारली आणि आकाशाकडे धरून एका डोळ्यानं बघितलं. मग स्वतःच बसवला. किक वसुमतीनं मारली. तिसऱ्या किकेला लँब्रेटा उठली, मूठ पिळताच अशी काही गरजली की टेम्पोवाल्यानं आपणहून फळी वर केली. तिळाच्या तेलाचा भपकन धूर सुटला आणि सगळे खोकले.

विघ्नेश हसत हसत निघून गेला. लोक अजून उभेच. मग सुब्रमण्यमनं विचारलं, "टीचरम्मा, आता चालवणार कोण?"

आणि बघा, पाच महिन्यांत हा प्रश्न कुणालाच पडला नव्हता! वसुमती जन्मात कधी हँडल धरून बसली नव्हती. राजगोपालला सायकलखेरीज काही येत नव्हतं. 

अप्पांनी रस्त्याकडे पाहिलं, मग स्वतःच्या अनवाणी पायांकडे. ऑक्टोबरचं ऊन, फरशी तापली होती.

"वसू," ते म्हणाले, "माझ्या चपला कुठं गेल्या काय माहीत. दोन वर्षं झाली."

वसुमती आत गेली आणि श्वास घेऊन सोडायच्या आत परत आली. चपला पायांशी ठेवल्या. नवा अंगठा, नवीन शिलाई, कातड्याला तेलाची चमक.

अप्पांनी वाकून बघितल्या. "ह्या कधी करून आणल्यास?"

"मे महिन्यात. सुट्टीच्या पहिल्या दिवशी," ती म्हणाली. "गाडी खोलायच्या आधी."

 अप्पांनी चपला घातल्या, अंगठा नीट सरकवला, हँडल धरलं. मग म्हणाले, "चल, बस मागं. आणि रेल्वे फाटकाला हॉर्न कोण वाजवणार ते आत्ताच ठरव."