सात वाट्या

मिशिगनमधल्या नोव्हायहून शिकागोला आम्ही तिघे एकाच गाडीतून गेलो. आमचा टीम लीड पुण्याचा, दुसरा सहकारी मुंबईचा आणि मी. दुसऱ्या दिवशी क्लायंटला डेमो दाखवून मग त्यांच्याबरोबर लंच करायचं होतं. प्रोग्राम जवळजवळ सगळा मी लिहिलेला, त्यामुळे डेमो मीच करणार असं ठरलं होतं. आयुष्यात पहिल्यांदाच माझं काम मी स्वतः कुणासमोर मांडणार होतो.

संध्याकाळी लीडनं गाडी एका कोरियन हॉटेलापाशी थांबवली. "इथे आलोय मी आधी. मस्त असतं. ट्राय कर यार."

ऑर्डर दिली आणि पाठोपाठ सात छोट्या वाट्या टेबलावर आल्या. आंबवलेला लाल कोबी, तीळ लावलेला पालक, मोड आलेली कडधान्यं आणि एका वाटीत चक्क सुकट, गोडसर परतलेलं. मला बरं वाटलं. भाताबरोबर एकेक वाटी खात गेलो आणि सगळ्या साफ केल्या.

वाढणाऱ्या मावशी आल्या, हसल्या आणि सातही वाट्या पुन्हा भरून ठेवून गेल्या.

मला वाटलं, आपल्या पंगतीसारखा आग्रह असेल. वाढलेलं टाकायचं नाही, एवढं मला माहीत. कॉलेजच्या मेसमध्ये माझी आई भांडी घासायची. पोरांनी ताटात टाकलेलं निपटून काढणं तिच्याच हाती असे, म्हणून आमच्या घरी ताटात शीत उरलेलं चालत नसे. पुढे त्याच कॉलेजात मी इंजिनिअर झालो. मेसमध्ये माझं ताट मात्र तिला कधी निपटावं लागलं नाही.

तर मी दुसऱ्या खेपेच्याही वाट्या संपवल्या. पोटाला तडस लागली होती. मावशी पुन्हा भरायला आल्या तेव्हा मुंबईवाला टेबलावर डोकं ठेवून हसायला लागला.

"अरे, संपली की भरतात! इथली पद्धतच आहे ती," लीड म्हणाला. "दुष्काळातनं आलायस का रे?"

"तुला माहीत होतं?"

"मग! बघत होतो, कुठे थांबतोस ते."

"आणि ते सुकट बघ कसं ओढतोय," मुंबईवाला म्हणाला. "घर आठवलं वाटतं?"

"हो, आठवलं," मी म्हणालो. दोघं पुन्हा हसले.

समोर तिसऱ्यांदा भरलेल्या वाट्या होत्या. सुकटाची अर्धी खाल्ली आणि चमचा खाली ठेवला. पोट भरलं होतं हे खरं. पण चमचा ठेवला तो त्यासाठी नाही. ते दोघं पानात टाकत होते, त्यांच्यासारखं दिसावं म्हणून ठेवला. मावशींनी ती वाटी उचलताना आत बघितलं आणि मी मान फिरवली.

गाडीत बसताना लीड अगदी सहज म्हणाला, "उद्या डेमो मी घेतो. लंचलाही तू नको येऊस, रूमवर थांब. हे क्लायंट लोक जरा... टेबल मॅनर्स वगैरे बघतात रे. पर्सनली घेऊ नको."

मी पर्सनली घेतलं. पण तोंडानं म्हणालो, "ओके."

दुसऱ्या दिवशी अकराच्या सुमारास खोलीतला फोन वाजला. लीड दबक्या आवाजात बोलत होता. "अरे, तो महिन्याचा रिपोर्ट कुठून उघडतो? सगळे बसलेत इथे."

ठेवून द्यावा फोन, असं वाटलं. पण स्क्रीन अडली असती तर नाक माझ्या कामाचं कापलं गेलं असतं. डावीकडचा मेनू, तिसरी ओळ, आधी तारीख भर. सांगितलं सगळं.

"थँक्स यार. मस्त बनवलंयस," म्हणाला आणि फोन ठेवला.

परतताना गाडीत दोघं लंचबद्दल बोलत होते. मी मागे बसलो होतो. डोक्यात डेमो नव्हता, ती अर्धी वाटी होती. आईचा नियम मी ज्यांच्यासाठी मोडला, त्यांनी तरी कुठे मला टेबलाशी बसवलं?