ब्राह्मणपुरीच्या शेडमधला हिरवा दिवा

आधीच सांगतो, मी फेकाड्या माणूस. तापीत मी पकडलेला मासा दर वर्षी हातभर वाढतो. पण भुताखेतांवर विश्वास? छे! शहाद्यात इतकी वर्षं मशीनचे बोर्ड दुरुस्त करतोय, एकच भूत भेटलं — लूज कनेक्शन!

तर, ब्राह्मणपुरी. माझा मित्र विलास याने शेडमध्ये स्वतःच्या डोक्याने मिरची निवडायचं मशीन बनवलं होतं. कॅमेरा बघणार, लाल मिरची पुढे, डागी मिरची हवेच्या फुंकरीने बाजूला. सगळी अक्कल एका प्रोग्रामेबल चिपमध्ये. वीज गेली की ही चिप सगळं विसरते. शेजारच्या नखाएवढ्या मेमरीतून दर वेळी नव्याने वाचून घेते. जागी झाली की हिरवा दिवा लागतो.

मशीन तयार झालं तेव्हा विलास वडिलांबद्दल म्हणाला, "पहिलं बटण अप्पाच दाबतील." घरात नवं काही आलं की पहिला हात थोरल्याचा. मीच अतिशहाणा — "थांब रे, नवी मिरची तर येऊ दे!"

मिरची आली. विलास त्याआधीच गेला... तीन दिवसांच्या तापात.

अप्पा मला म्हणाले, "भाऊ, मन्हा विलासनं मशीन एकदाव चालतांना देखनं शे. मंग भलं भंगारमा जावो."

दोन दिवस झगडलो. सप्लाय बरोबर, चिपला ठेका देणारा क्लॉक बरोबर, दिवा काही लागेना. तिसऱ्या दिवशी मेमरी काढून रीडरवर लावली — कोरी! विलासचा लॅपटॉप पालथा घातला, कॉपी कुठेच नाही. मेमरी बाटलीच्या झाकणात टाकली आणि डोकं धरून बसलो.

दुपारी अप्पा आले. रुमालात ओंजळभर मिरच्या.

"व्हयनं का रे भाऊ?"

रुमालातल्या मिरच्या मी पट्ट्यावर ओतल्या. म्हटलं, चालत नाही हे स्वतःच बघतील. "दाबा अप्पा."

दाबलं... आणि हिरवा दिवा लागला! पट्टा सरकला. फुस्स... डागी बाजूला, लाल पुढे. एरवी मी सांगितलं असतं, क्विंटलभर निवडली. नाही हो, ओंजळभरच. शेवटची मिरची पडली आणि दिवा विझला. पुन्हा कधीच लागला नाही.

मेमरी झाकणातच होती.

अप्पांनी मिरचीचा हात माझ्या गालावरून फिरवला. "तू करी दखाडं रे भाऊ!" डोळे चुरचुरले... मिरचीनेच, असं समजा.

मेमरीशिवाय ती चिप जागी कशी झाली, मला आजही सांगता येत नाही. अप्पा मात्र गावभर सांगतात, मशीन मी दुरुस्त केलं. आयुष्यभर मारलेल्या थापांत ही एकच मला पेलत नाही — आणि ही तर मी मारलेलीही नाही... फक्त खोडली नाही.