शिंपीकाकांची कंबर

शाळेच्या गणवेशाची मापं घ्यायला शिंपीकाका आले की हॉलमध्ये आधी त्यांचं पोट शिरायचं आणि मागून काका. हे त्यांचंच म्हणणं. लहानपणी वर्गातली पोरं त्यांना ढोल्या म्हणत. तेव्हा गुपचूप रडून झालं होतं. मोठेपणी ते स्वतःवर स्वतःच विनोद करायला लागले, म्हणजे दुसऱ्या कुणाला संधीच नको.

पद्धत ठरलेली. काकांनी टेप लावायचा, आकडा ओरडायचा आणि दाराजवळच्या टेबलाशी बसलेल्या बायकोने तो लिहून घ्यायचा. "कंबर बावीस! अगं बाई, मुलगी आहे की काडी?" हॉल हसायचा. "कंबर चौतीस! या पठ्ठ्याला कापड वाढवून लागणार!" हॉल आणखी हसायचा. मापं घ्यावीत तर अशी हसतखेळत, अशी काकांची पक्की समजूत.

यंदा पाचवीच्या रांगेत त्यांची स्वतःची लेक होती, अंगापिंडाने थेट बापावर गेलेली. नंबर जवळ आला की ती मागच्या मुलीला पुढे सोडायची. शेवटी मागे कुणी उरलंच नाही. मापं झालेली पोरं बाकांवर बसून बघत होती. ती समोर आली, हात वर केले आणि हळूच म्हणाली, "बाबा, ओरडू नका ना."

काकांच्या पोटात खड्डा पडला. पोट बघता खड्डाही चांगला ऐसपैसच पडला असणार. हॉल हसायचा तेव्हा ते चौतीसवाले कुठे बघत असतील, हे या विनोदवीराच्या डोक्यात इतक्या वर्षांत कधी आलंच नव्हतं. स्वतःची त्यांना भयंकर लाज वाटली.

टेप लेकीच्या कमरेला लागला, पण आवाज फुटेना.

"अहो, आकडा सांगा की!" बायको लांबून ओरडली. सगळा हॉल कान टवकारून बसला.

"अठ्ठेचाळीस!" काका गरजले. "ही माझी! आधी माझी लिही, मीसुद्धा हाफ चड्डी घालून पाचवीत बसणार आहे!"

पोरं हसून बाकांवर लोळायला लागली. त्या गोंधळात बायकोच्या कानात खरा आकडा सांगावा म्हणून काका टेबलाकडे वळले. तेवढ्यात मागे लेकीने दोन्ही हात कमरेवर ठेवले आणि अगदी बापाच्या पट्टीत आवाज लावला.

"आई, खोटं आहे! बाबांची बावन्न आहे!"