विहीणबाईंनी रेडिओ बंद केला

धुकं इतकं दाट, की गच्चीवरचे कपडे कालच्याहून ओले झाले होते. ते पिळून पुन्हा दोरीवर टाकता टाकता रेडिओकाकू मोबाइलवर आलेलं दुपारचं बातमीपत्र वाचत होत्या. लढाईत नसलेल्या नदीपलीकडच्या देशाला त्यांच्याच भाषेत सरकारी बातम्या सांगायच्या, ही त्यांची नोकरी. सूनही तिकडचीच, म्हणून वाचनाचा सराव रोज तिच्यापुढे.

"कसं वाटतंय गं?"

सुनेनं दातातला चिमटा काढला. "आई, रागावू नका. आमची आई हल्ली तुमचा आवाज लागला की रेडिओ बंद करते."

काकूंच्या हातातली चादर हातातच राहिली. विहीणबाई तर सोयरीक व्हायच्या आधीपासूनच्या श्रोत्या!

"का म्हणे?"

"म्हणते, तुझी सासू आधी बातमी सांगायची, लढाई लागल्यापासून नुसते शड्डू ठोकते."

"वा! बॉम्ब आमच्या डोक्यावर पडतायत आणि कान त्यांचे किटले!"

"तसं नाही हो. काल पुलाच्या आपल्याकडच्या कमानी पडल्या, त्या तिला स्वयंपाकघरातून दिसल्या. आणि यात लिहिलंय, पुलाला साधं खरचटलंही नाही."

काकूंना ते भलतंच झोंबलं, कारण कालचे शड्डू त्यांनी चांगले मनापासून ठोकले होते.

केंद्रावर पोचताच त्या साहेबांच्या टेबलापुढे उभ्या राहिल्या. "पुलाचं हे वाक्य मी वाचणार नाही."

"लढाईत असली थेरं? घरी बसाल."

"बसेन. पण पलीकडच्या सगळ्या काठानं पडलेला पूल पाहिलाय. आज हे वाचलं, तर उद्या खरं सांगूनही माझी सख्खी विहीण ऐकायची नाही. आणि खरं सांगायला आपल्याला लाज कसली? पहाटेपासून आपले नावाडी भर धुक्यात माणसं पलीकडे उतरवतायत. ते सांगा की!"

साहेबांनी पेनाचं टोपण काढलं. मग त्यांनी ते वाक्य खोडलं. "माझी नोकरी गेली तर जेवायला तुमच्याकडे येईन."

"या. विहीणबाईंच्या शेजारी बसवते, म्हणजे कळेल."

स्टुडिओतला लाल दिवा लागला. काकूंनी आवाज जराही चढवला नाही. पूल पडला आहे, म्हणाल्या. आमच्या होड्या चालू आहेत. नावाडी थकले आहेत, पण थांबलेले नाहीत.

संध्याकाळी सुनेचा फोन वाजला. तिनं तो स्पीकरवर टाकला.

"आज बंद नाही केला," विहीणबाई म्हणाल्या. "शेजारणीही येऊन बसल्या. तुम्ही होड्यांचं सांगितलंत आणि आमची पोरं चहाच्या किटल्या घेऊन काठावर पळाली, तुमच्या नावाड्यांसाठी. सगळ्यांना सांगत सुटलेय, ही बाई माझी विहीण म्हणून. पण पुन्हा शड्डू ठोकलात तर बटण माझ्याच हाताशी आहे हं!"

"तुमच्या धाकातच आहोत आम्ही," काकू म्हणाल्या. सून त्यांच्याकडे अशी बघत होती, जणू पूल यांनीच पुन्हा उभा केलाय.

"बघतेस काय? लसूण आण इकडे," म्हणत काकूंनी ताट पुढ्यात ओढलं आणि सोलायला बसल्या.