मामंजींचा अडकलेला उंट

लग्न झालं तेव्हा माझी बारावी झाली होती. नवरा मुंबईत, सहा जणांत एक खोली; तिथे मला नेणं शक्यच नव्हतं. म्हणून मी खेडला, सासऱ्यांचं करायला. सासूबाई आधीच गेल्या होत्या. मामंजी पोस्टातून निवृत्त झालेले, गुडघ्यांनी अधू आणि बुद्धिबळाचे वेडे. जोडीदार उरला नाही म्हणून त्यांनी मलाच शिकवलं.

रोज दुपारी जेवणं आटोपली की पट मांडायचा. पांढरी मोहरी कायम त्यांची. सुरुवातही ठरलेली: राजापुढचं प्यादं दोन घरं, मग घोडा, मग उंट थेट माझ्या घोड्यावर रोखलेला. दोन वर्षं मी ती एकच सुरुवात पाहत होते.

त्या दिवशी रत्नागिरीच्या डी.एड.चा अर्ज माझ्या ट्रंकेत होता. दोन वर्षं, हॉस्टेलवर राहून. डाव संपल्यावर विचारायचं ठरवलं होतं. मामंजी जिंकले की खुशीत असत. हरले की चहासुद्धा नको म्हणत.

आणि नेमका त्याच दिवशी त्यांचा वजीर घाईने प्यादं मारायला पुढे आला. मला दिसलं. वजिरावर एक प्यादं ढकलायचं, मग तेच आणखी एक घर पुढे. त्यांचा उंट माझ्या प्याद्यांत कोंडला गेला असता. हात प्याद्यापर्यंत गेला. मी तो मागे घेतला आणि घोडा हलवला.

त्यांनी तासाभरात मात केली. “घाबरतेस फार,” हसून म्हणाले. “चहा टाक.”

चहाबरोबर अर्ज पुढे ठेवला. त्यांनी चष्मा लावून सगळा वाचला. “चांगलं आहे की. पण मी कोण सांगणार? नवऱ्याला विचार.”

पत्र टाकलं. उत्तर आलं, बाबा म्हणतील तसं. ते मामंजींना दाखवलं, तर म्हणाले, “म्हणजे त्याच्या मनात नाही.” पुन्हा पत्र, पुन्हा तेच उत्तर. अर्जाची मुदत गेली. मला राग आला तो त्या दोघांचा नाही, माझाच. निदान उंट तरी मारायचा होता.

पुढच्या वर्षी कुणालाच विचारलं नाही. प्रवेशाचं पत्र आल्यावर सांगितलं. मामंजींनी तीन दिवस पट मांडू दिला नाही. मग म्हणाले, “माझ्या जेवणाचं काय?”

“शेजारच्या काकूंशी बोलून ठेवलंय.”

सकाळच्या एसटीने निघाले. रत्नागिरीचा फाटा, हातखंबा, येईपर्यंत मला वाटत होतं, कुणीतरी गाडी थांबवून मला खाली उतरवील.